चोराच्या डोळ्यांनीं आपलें घर

गांवाला निघतांना आपण घराला कुलूप लावतों, तें एकदां ओढून पाहतों, चार पावलें पुढें गेल्यावर परत फिरतों आणि पुन्हां एकदां ओढून पाहतों. या दुसऱ्या ओढण्यानें कुलूप कांहीं अधिक घट्ट होत नाहीं. घट्ट होतें तें आपलें मन. आतां हेंच दृश्य रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एखाद्या परक्या माणसाच्या डोळ्यांनीं पाहा. हातांत पिशव्या, अंगावर ठेवणींतले कपडे, बरोबर मुलेंबाळें आणि दाराला भलें मोठें कुलूप! त्या माणसाला कुलपाचा घट्टपणा दिसत नाहीं. त्याला दिसते एक पाटी, आणि तिच्यावर लिहिलेलें असतें, ‘घरांत कोणी नाहीं.’

आज मी आपणांशीं बोलणार आहें तें या परक्या डोळ्यांविषयीं. घरफोडीचा विषय निघाला म्हणजे आपण कड्याकुलपांच्या गोष्टी बोलतों, किंवा ‘कोण असेल बरें तो?’ या प्रश्नाभोंवतीं घोटाळत राहतों. चोर काय पाहतो, कशाला भितो आणि कोठून आंत शिरतो, याचा विचार फार थोडे जण करतात. वास्तविक घर राखण्याच्या विद्येचा पहिला धडा तोच आहे, आणि तो मला लहानपणीं जरा महागांतच शिकावा लागला.

माझें बालपण भूम येथें गेलें. धाराशिव जिल्ह्यांतलें, बालाघाटच्या डोंगररांगांतलें हें तालुक्याचें गांव. आसपासच्या खेड्यांतून दुधाचा खवा करण्याचा धंदा जुना, त्यामुळें भट्ट्या पेटवणारीं माणसें पहांटेच जागीं होत. आमचें घर मराठवाड्यांतल्या जुन्या घरांसारखेंच होतें. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचें माळवद, पुढें देवडी आणि देवडीला जाड सागवानी दरवाजा. रात्रीं त्याला आंतून अडसर घातला कीं बैलानें धडक दिली तरी तो हलूं नये. आमच्या आजीला त्या दरवाजाचा मोठा अभिमान होता.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. मी शाळेंत असतांना एका वर्षीं आम्ही घरचे सारे जण एस्टीनें यात्रेला गेलों. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं परत आलों, तों दरवाजा जसाच्या तसा, कुलूप जसेंच्या तसें. आजीनें समाधानानें कुलूप काढलें, आंत पाऊल टाकलें, आणि ती मटकन खालीं बसली. माजघरांतली पेटी उपडी पडली होती. आजीची बोरमाळ, आईच्या पाटल्या आणि बी-बियाण्यासाठीं बाजूला ठेवलेले रुपये नाहींसे झाले होते. चोर देवडीकडे फिरकलाहि नव्हता. परसांतल्या कडुलिंबावरून तो माळवदावर चढला होता. उजेडासाठीं माळवदांत जें साणें ठेवलेलें असतें, त्याच्यावरचा पत्रा त्यानें बाजूला सारला होता. आणि आमच्याच आडाचा दोर बांधून तो खालीं उतरला होता. जातांना परसदाराची कडी आंतून काढून तो सरळ चालत निघून गेला. झाड आमचें, दोर आमचा, आणि घर बंद राहणार ही बातमीहि आमचीच. आठ दिवस आधींपासून आम्ही ती सगळीकडे सांगत होतों.

त्या रात्रीं आमच्या ओसरीवर गल्ली गोळा झाली. परंतु ‘चोर कोठून आला आणि तेथूनच कां आला?’ असें कोणी विचारलें नाहीं. ‘तुमचा संशय कोणावर?’ हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं होता. उत्तरहि एकच आलें. गांवाबाहेर पालांत राहणारी एक पारधी बाई दोन दिवसांपूर्वीं आमच्या दारीं भाकरी मागून गेली होती. तिनेंच घर पाहून ठेवलें असणार, असें ठरलें. त्या बाईच्या हकीकतीकडे मी शेवटीं येईन. तूर्त चोराकडे वळूं.

चोराच्या मनांत शिरून पाहण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांतला शर्विलक देवलांच्या संगीत नाटकामुळें मराठी घरांतहि ओळखीचा झाला. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत हा शर्विलक चारुदत्ताच्या घरावर चालून येतो, तो दाराकडे जातच नाहीं. तो आधीं भिंत पाहतो. रोजच्या पाण्यानें ती कोठें भिजून भुसभुशीत झाली आहे, कोठें खणलें असतां आवाज होणार नाहीं, कोणती जागा लोकांच्या नजरेआड आहे, हें तो पारखतो. भाजलेल्या विटा असल्या तर ओढून काढाव्या, कच्च्या असल्या तर कापाव्या, मातीचा गिलावा असला तर भिजवावा, लाकूड असलें तर चिरावें, असें त्याचें शास्त्र आहे. मापाची दोरी विसरली म्हणून तो गळ्यांतल्या जानव्यानें माप घेतो! भोंक पडल्यावर स्वतः न शिरतां आधीं माणसाचें बाहुलें आंत सारतो. आंत गेल्यावर त्याचें पहिलें काम काय, तर पळण्यासाठीं दार उघडून ठेवणें. आणि तें करकरूं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडणें. मग झोंपलेल्यांजवळ दिवा नेऊन त्यांची झोंप खरी कीं सोंगाची, हें तो पाहतो.

हें वाचतांना आपण हंसतों आणि पुढें जातों. पण शर्विलकाला पडलेले प्रश्न एका रांगेंत मांडून पाहा. मला कोण पाहील? मला कोण ऐकेल? घरांत जागें कोण आहे? पळायचें कोठून? या चारांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्यानें धनाचें नांवहि काढलेलें नाहीं. आणि जेव्हां तो धन शोधूं लागतो, तेव्हां त्या दरिद्री घरांत त्याला मृदंग, वीणा, बांसऱ्या आणि पोथ्या यांखेरीज कांहींच सांपडत नाहीं. हिरमुसला होऊन तो परत फिरणार, तोंच झोंपेंत बरळणारा मैत्रेय वसंतसेनेच्या दागिन्यांचें गांठोडें आपण होऊन त्याच्या हातीं देतो. इतकें मोठें चोरीचें शास्त्र, पण अखेर दागिने मिळाले ते घरच्याच माणसाच्या सैल जिभेमुळें!

आतां नाटकांतला चोर सोडून खरे चोर घ्या. इंग्लंडांत ट्रेव्हर बेनेट आणि रिचर्ड राइट या दोघां अभ्यासकांनीं घरफोडी करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९८४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें अमेरिकेंत राइट यांनींच स्कॉट डेकर यांच्यासह सेंट लुईस शहरांतल्या १०५ चोरांना गांठलें. हे चोर तुरुंगांतले नव्हते. मोकळे हिंडणारे आणि धंदा चालूं असलेले होते. तो ग्रंथ १९९४ चा. देश निराळे, घरें निराळीं, परंतु उत्तरें थेट शर्विलकाचीं. घर रस्त्यावरून किंवा शेजाऱ्याच्या खिडकींतून दिसतें काय, घरांत माणूस आहे काय, कुत्रा भुंकतो काय, हीच त्यांची पहिली पारख. घर रिकामें आहे अशी खात्री करण्यासाठीं पुष्कळ जण सरळ दार ठोठावतात. कोणी उघडलेंच तर एखादें भलतेंच नांव विचारून निघून जातात. आंत शिरल्यावर ते रेंगाळत नाहींत. बहुधा आधीं निजण्याच्या खोलीकडे जातात, कारण माणूस आपली मोलाची वस्तु आपल्या उशाजवळ ठेवतो, हें त्यांना अनुभवानें ठाऊक असतें. कुलपाचा विचार या सर्वांच्या मागून येतो.

म्हणून मी कुलपांची निंदा करतों असें मात्र समजूं नका. चांगल्या कुलपाचा उपयोग मोठा आहे. फक्त तो कशांत आहे हें ओळखलें पाहिजे. कुलूप चोराला अडवीत नाहीं, तें त्याला वेळ घालवायला लावतें आणि आवाज करायला लावतें. वेळ आणि आवाज या दोहोंचें त्याला भय वाटतें. पण तो आवाज ऐकायला आसपास कोणीच नसेल, तर दहा लिव्हरांचें कुलूपहि रानांत वाजणाऱ्या घंटेसारखें व्यर्थ आहे.

१९७९ सालीं लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं हाच विचार मोठ्या नेटक्या रीतीनें मांडला. चोरी घडायला तीन गोष्टी एका वेळीं एका ठिकाणीं याव्या लागतात: चोरीला प्रवृत्त झालेला माणूस, सहज हातीं लागेल अशी वस्तु, आणि राखणदाराचा अभाव. यांतली पहिली गोष्ट आपल्या हातीं नाहीं. दुसरी बऱ्याच अंशीं आहे. तिसरी तर आपली आणि आपल्या शेजाऱ्यांची आहे. आपण मात्र सारी बुद्धि पहिलीवर खर्च करतों!

कायद्याचीहि साक्ष या बाबतींत काढण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानांत, कलम ४४५ मध्यें, घरफोडीच्या सहा वाटा मोजून दिल्या होत्या. चोरानें स्वतः पाडलेल्या भोंकांतून शिरणें. माणसांच्या येण्याजाण्यासाठीं नसलेल्या वाटेनें किंवा भिंत चढून शिरणें. गुन्ह्यासाठींच कोणी उघडून ठेवलेल्या वाटेनें शिरणें. कुलूप उघडून शिरणें. माणसावर बळजबरी करून किंवा तशी धमकी देऊन शिरणें. आणि बंद केलेलें दार वा खिडकी उघडून शिरणें. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३३० मध्यें ही व्याख्या आहे आणि ३३१ मध्यें शिक्षा. सांगावयाचें तें इतकेंच कीं, या सहा वाटांपैकीं कुलपाची वाट एकच. आमच्या आजीनें तेवढी एक राखली, आणि चोर दुसऱ्या वाटेनें आला.

तर श्रोतेहो, उद्यां दिवेलागणीच्या सुमारास एक लहानसा प्रयोग करा. घराबाहेर पडा आणि आपल्याच घराभोंवतीं चोराच्या डोळ्यांनीं एक फेरी मारा. किल्ली विसरली आहे, आतां आंत कसें शिरावें, असें समजून पाहा. परसदाराची कडी पुढच्या दारापेक्षां किती कच्ची आहे, हें तेव्हां ध्यानांत येईल. भिंतीला टेकून ठेवलेली शिडी दिसेल. गवंडी काम संपवून गेला त्या दिवसापासून कोपऱ्यांत पडलेली पहार दिसेल. गच्चीवर वांकलेली फांदी दिसेल. आपण शहरांत सदनिकेंत राहत असाल, तर न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी, तिच्याजवळून गेलेला सांडपाण्याचा नळ आणि कधींच बंद नसलेलें गच्चीचें दार, यांचा विचार करा. आणि किल्ली कोठें ठेवतां? तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यांत, दाराच्या चौकटीवर, कीं पायपुसण्याखालीं? या जागा आपल्याला जितक्या सुचल्या तितक्याच त्यालाहि सुचतात.

मग घर काय बोलतें तें ऐका. दारांत तीन दिवसांचीं वर्तमानपत्रें पडलीं आहेत, दुधाच्या पिशव्या तशाच लटकत आहेत, भर दुपारीं बाहेरचा दिवा जळतो आहे, अंगणांत झाडलोट नाहीं. हीं सारीं त्या कुलपाच्या पाटीवरचींच अक्षरें होत. रतीब थांबवायला सांगा, वर्तमानपत्र शेजाऱ्याला उचलायला सांगा, संध्याकाळीं एखादा दिवा आपोआप लागेल अशी सोय करा. कुलूप शक्य तर बाहेरून न दिसेल असें, दाराच्या आंतच बसविलेलें असावें. तुळजापुरच्या नवरात्रांतलीं आपलीं छायाचित्रें मोबाइलवरून सगळ्या जगाला दाखवायचीं असतील, तर तीं घरीं परत आल्यावर दाखवा. देवी तोंवर रागावणार नाहीं.

दागिन्यांविषयीं तर इतकेंच सांगतों कीं, नित्य वापरांत नसलेलें सोनें बँकेच्या लॉकरमध्यें असावें, आणि घरीं त्याची यादी व छायाचित्रें असावींत. तांदुळाचा डबा, देवघराचा खण, कपाटांतल्या साड्यांची घडी, या गुप्त जागा पिढ्यानुपिढ्या त्याच आहेत. गुप्तता इतकी सार्वत्रिक झाली म्हणजे ती गुप्तता उरत नाहीं. आणि लग्नसराईंत आपल्या सुनेच्या अंगावर किती तोळे घातले, हें गाडींत शेजारीं बसलेल्या अनोळखी माणसाला सांगण्याचा मोह आवरा. मैत्रेय निदान झोंपेंत बोलला होता!

घरांत कॅमेरा बसवावा काय, असें हल्लीं पुष्कळ जण विचारतात. अवश्य बसवावा, परंतु कॅमेरा पाहतो, धांवून येत नाहीं, हें विसरूं नये. समजा, रात्रीं जाग आली आणि घरांत कोणी शिरल्याची चाहूल लागली, तर शौर्य गाजवूं नका. मुलांमाणसांना एका खोलींत घेऊन आंतून कडी लावा, दिवा लावा, मोठ्यानें आरडाओरड करा आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवा. चोराला पळण्याची वाट मोकळी राहूं द्या. कोंडलेला चोर पळणाऱ्या चोराहून फार भयंकर असतो. परत आल्यावर कुलूप तुटलेलें दिसलें, तर एकट्यानें आंत जाऊं नका आणि पोलिस येईपर्यंत कशालाहि हात लावूं नका. आवराआवर करण्याची घाई आपल्याला फार असते, आणि तिच्या पायीं ठसे पुसले जातात.

आणखी एक गोष्ट कित्येकांना चमत्कारिक वाटेल. ज्या घरीं एकदां चोरी झाली, तेथें ती पुन्हां होण्याचा संभव कमी न होतां वाढतो. कारण उघड आहे. चोराला वाट पाठ झालेली असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागीं नव्या येणार हेंहि त्याला कळतें. इंग्लंडांत रॉचडेल गांवाजवळच्या कर्कहोल्ट नांवाच्या वसाहतींत १९८० नंतरच्या दशकांत घरफोड्यांनीं लोक हैराण झाले होते. तेथें ज्या घरीं चोरी झाली, त्याच घरावर सारें लक्ष केंद्रित करण्याचा प्रयोग करण्यांत आला. घराच्या कच्च्या जागा पक्क्या केल्या, आणि नाणीं टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर, ज्यांत रोख पैसे सांठत, ते काढून टाकले. याशिवाय भोंवतालच्या पांचसहा घरांनीं त्या एका घरावर नजर ठेवण्याचें कबूल केलें. कांहीं महिन्यांतच तेथील घरफोड्या पूर्वीच्या निम्म्याहूनहि खालीं आल्या. सगळ्या वसाहतीला पहारेकरी नेमावे लागले नाहींत. पांचसहा शेजाऱ्यांनीं फक्त डोळे उघडे ठेवले.

हे शेजारी भूममध्यें आम्हांलाहि होते. पहांटे भट्टीसाठीं दूध गोळा करीत गल्लींतून जाणारा गवळी होता. त्यानें त्या दिवशीं आमचें परसदार उघडें पाहिलेंहि होतें. पण आम्ही त्याला कांहीं सांगून गेलों नव्हतों. त्याला वाटलें, घरचेंच कोणी मागें राहिलें असेल. गांवभर सांगितलेली बातमी नेमक्या त्या एकाला सांगायची राहून गेली होती. बंद घराची बातमी शंभरांच्या कानीं घालण्यापेक्षां दोघां विश्वासाच्या शेजाऱ्यांवर घर सोंपवून जावें, हा त्यांतला बोध.

आतां त्या पारधी बाईची हकीकत. तिला दोन दिवस बसवून ठेवलें. तिच्या पालाची झडती झाली. एक पितळी तांब्या आणि चार चिंध्या निघाल्या. तिचीं पोरें दोन दिवस गांवाच्या वेशीशीं बसून होतीं. तिच्याविरुद्ध पुरावा काय होता? तिचा जन्म! ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. पुढें तो कायदा मुंबई इलाख्यांतहि आला, आणि पारध्यांची गणना त्या जमातींत झाली. रोजची हजेरी आणि तारेच्या कुंपणांतली वसाहत त्या माणसांच्या वांट्याला आली; सोलापुरास अशी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशांतून रद्द झाला. परंतु कायद्याच्या पुस्तकांतून खोडलेला शिक्का आमच्या ओसरीवर जमलेल्या माणसांच्या मनांत तसाच होता.

सहासात महिन्यांनीं चोर सांपडला. दुसऱ्याच जिल्ह्यांत, दुसऱ्याच चोरींत. आजीनें त्याला पाहिलें आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. यात्रेला जातांना एस्टींत तो आमच्याच बांकावर बसला होता. स्वच्छ कपडे, गोड बोलणें. त्यानें माझ्या धाकट्या बहिणीला मांडीवरहि घेतलें होतें. घर कोठें, सोबत कोण कोण, परत कधीं येणार, हें सगळें आजीनेंच त्याला आपुलकीनें सांगितलें होतें. वाटेंत तो उतरला, तेव्हां आम्ही त्याला प्रसाद घेऊन येण्याचें आमंत्रणहि दिलें होतें. भाकरी मागणाऱ्या बाईकडे आम्ही चोर म्हणून पाहिलें, आणि चोराला आमच्याच बांकावर जागा करून दिली.

बोरमाळ परत मिळाली नाहीं. आजीला तिचें दुःख झालें, पण तें ती हळूहळू विसरली. दुसरी गोष्ट ती विसरली नाहीं. चोर सांपडल्याचें कळलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं तिनें फडक्यांत भाकरी बांधल्या, मला बरोबर घेतलें आणि ती गांवाबाहेर गेली. तेथें पालें नव्हतीं. तीन दगडांची एक चूल होती, आणि तिच्यांतली राख केव्हांच थंड झाली होती. आजी थोडा वेळ उभी राहिली. मग भाकरी तशाच घेऊन ती घरीं आली, आणि आल्या आल्या पहिली गोष्ट तिनें केली ती ही कीं, गड्याला बोलावून परसांतल्या कडुलिंबाची माळवदावर आलेली फांदी तोडवली.

श्रोतेहो, घर राखायचें असेल तर त्या फांदीकडे पाहायला शिका. परसदार, शिडी, दोर, किल्लीची जागा आणि स्वतःची जीभ, हीं सारीं आपल्या ताब्यांतलीं आहेत. तीं सांभाळलीं तर चोराला पुढच्या गल्लीचा रस्ता धरावा लागेल, आणि पुढची गल्लीहि अशीच सावध असेल तर त्याहून उत्तम. परंतु दारीं येणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून आणि जातीवरून चोर ओळखूं पाहाल, तर खरा चोर तुमच्या शेजारीं बसून प्रसाद खाईल. चोरीनें गेलेलें सोनें कदाचित् पुन्हां घेतां येतें. निरपराध माणसाचे बसून काढलेले ते दोन दिवस परत देण्याची सोय कोठेंच नाहीं.